टक्के, चिंचोके आणि पत्त्यांचा डाव

२०२५ च्या दिवाळीतला पाडवा. बडोद्याच्या आमच्या घरी फराळाची ताटे उचलली गेली, सतरंजी पसरली आणि आईने देवघराच्या फडताळातून चिंचोक्यांचा डबा काढला. आमच्याकडे वर्षातून एकदा तीन पत्ती होते ती याच रात्री, आणि तीही चिंचोक्यांवर. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. शंकर-पार्वतीच्या सारीपाटाची गोष्ट आईने सांगायची आणि मग पत्ते पिसायचे, हा तिचा नेम.

या वेळी माझा भाचा आला होता. बंगळूरला नोकरी, वय सव्वीस. दोन डाव तीन पत्तीचे झाल्यावर तो म्हणाला, "मामा, तीन पत्ती नशिबाची. तुला पोकर शिकवतो. त्यात नशीब नाही, सगळं टक्क्यांचं गणित असतं."

"गणित असतं तर सगळे प्राध्यापक लखपती झाले असते की रे," आई म्हणाली. आम्ही हसलो. तो हसला नाही. का हसला नाही, ते पुढे कळले. पण त्या रात्री त्याने जे गणित शिकवले ते खरोखरच सुंदर होते. आधी तेच वाचकांपुढे ठेवतो.

दोन पाने हातात, पाच पाने मधे

पोकर हा मूळचा अमेरिकेतला खेळ. त्याचे अनेक प्रकार आहेत, पण जगभर आज सर्वाधिक खेळला जातो तो टेक्सास राज्याच्या नावाने ओळखला जाणारा 'टेक्सास होल्डेम'. लास व्हेगासमध्ये १९७० पासून त्याची जागतिक स्पर्धा भरते. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाच्या एका हौशी हिशेबनिसाने इंटरनेटवरच्या छोट्या स्पर्धेतून तिथे प्रवेश मिळवला आणि २५ लाख डॉलरचे पहिले बक्षीस जिंकले. त्यानंतर घरोघरच्या संगणकांवर हा खेळ पसरला.

नियम सोपे आहेत. प्रत्येकाला दोन पाने मिळतात, ती झाकलेली. मधे आधी तीन, मग एक आणि शेवटी एक अशी पाच पाने उघडी मांडली जातात. आपली दोन आणि मधली पाच, अशा सातांतून उत्तम पाच पानांचा संच ज्याचा, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. बोली द्यायची, वाढवायची किंवा पाने टाकून द्यायची, हे तीनच मार्ग.

भाच्याने माझ्यापुढे बदाम दश्शी आणि बदाम अठ्ठी टाकली. मधे मांडले बदाम राजा, बदाम चौकी, किलवर सत्ती आणि इस्पिक दुर्री. शेवटचे पान उघडायचे बाकी.

"आता तुझ्याकडे काय आहे?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

"आज काही नाही. पण शेवटचं पान बदाम आलं तर पाच बदाम होतील, म्हणजे कलर. समोर मामीकडे राजाची जोडी आहे असं धर. बदाम आलं तर तू जिंकशील, नाही आलं तर ती. ऐंशी चिंचोके मधे पडले आहेत. मामीने आणखी वीस टाकले. तू वीस देणार की पानं टाकणार?"

मी मनाशी म्हटले, चार बदाम जमले आहेत, पाचवे येईलच. आपल्यापैकी बहुतेक जण असाच विचार करतात. भाच्याने कागद ओढला.

नऊ पाने आणि सेहेचाळीस पाने

कॅटमध्ये ५२ पाने. मला त्यातली सहा दिसतात, दोन माझी आणि चार मधली. उरली ४६. बदामाची एकंदर १३ पाने, त्यातली चार समोर आहेत, म्हणून उरली नऊ. ४६ पैकी ९ पाने माझ्या कामाची, म्हणजे शंभरात साधारण १९.६. सोप्या भाषेत, पाच वेळा हा प्रसंग आला तर एकदा जिंकणार, चारदा हरणार.

"म्हणजे टाकून द्यायची पानं," मी म्हणालो.

"इथेच सगळे चुकतात," भाचा म्हणाला. "किती वेळा जिंकणार, एवढंच बघायचं नसतं. जिंकलास तर किती मिळणार आणि त्यासाठी किती घालायचे, हेही बघायचं."

मधे आता शंभर चिंचोके होते. माझे वीस पडले की एकशेवीस. एकशेवीसमधले वीस, म्हणजे शंभरात १६.७. जिंकण्याची शक्यता याहून जास्त असेल तर बोली द्यावी, कमी असेल तर पाने टाकावीत. माझी शक्यता १९.६, मागणी १६.७ ची. म्हणून बोली द्यायची.

विश्वास बसत नसेल तर हाच प्रसंग ४६ वेळा आला असे समजू. नऊ वेळा शंभर-शंभर मिळाले, एकूण ९००. सदतीस वेळा वीस-वीस गेले, एकूण ७४०. शिल्लक १६० चिंचोके.

आता मामीने वीसऐवजी चाळीस टाकले असते तर? मधे १२०, मला द्यायचे ४०. नऊ वेळा १२० म्हणजे १,०८०; सदतीस वेळा ४० म्हणजे १,४८०. तोटा ४०० चा. पाने तीच, शक्यता तीच, पण किंमत वाढली आणि निर्णय उलटा झाला. भाजीवालीने भाव दुप्पट सांगितला की आपण पुढच्या गाड्याकडे वळतो, तितकाच साधा हा व्यवहार.

बसल्या बसल्या हा हिशेब करायला खेळाडूंची एक युक्ती आहे. कामाची पाने मोजायची आणि एक पान यायचे असेल तर दोनाने, दोन पाने यायची असतील तर चाराने गुणायचे. नऊ पानांना दोनाने गुणले की १८, खरे उत्तर १९.६. चाराने गुणले की ३६, खरे उत्तर ३५. घाईच्या वेळी एवढे पुरते.

"पण ते मधले ऐंशी, त्यात माझेही होते ना? ते वाचवायला नकोत?" मामीने विचारले.

"मामी, टाकलेले चिंचोके तुझे राहिले नाहीत. ते आता मधले. पुढच्या निर्णयात फक्त पुढचा खर्च आणि पुढची मिळकत मोजायची."

हे वाक्य पत्त्यांपुरते नाही, असे मला वाटले. इतका खर्च केलाच आहे म्हणून जुन्या गाडीच्या दुरुस्तीत आणखी पैसे घालणारे आपण सगळेच आहोत.

एका जुगाऱ्याचा प्रश्न

हे गणित जन्मले तेच मुळी खेळाच्या पटावर. सोळाव्या शतकातला इटलीचा वैद्य आणि गणिती कार्दानो हा स्वतः जुगारी. फाशांच्या खेळावर त्याने पुस्तक लिहिले, पण ते छापले गेले त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये. त्याआधी १६५४ मध्ये फ्रान्समधल्या शव्हालिए द मेरे या शौकीन गृहस्थाने पास्कल या थोर गणितीपुढे काही प्रश्न ठेवले होते. त्यातला एक असा: खेळ अर्ध्यावर मोडला तर मधली रक्कम दोघांत कशी वाटायची? पास्कल आणि फर्मा यांनी त्यावर एकमेकांना पत्रे लिहिली आणि संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया घातला गेला. आज विम्याचा हप्ता ठरतो तो याच शास्त्रावर.

द मेरेच्या नावाने सांगितला जाणारा दुसरा प्रश्नही गमतीचा आहे. एक फासा चार वेळा टाकला तर एकदा तरी सहा पडण्याची शक्यता ५१.८ टक्के, म्हणजे पैज फायद्याची. मग दोन फासे चोवीस वेळा टाकले तर एकदा तरी सहा-सहाची जोडी पडण्याची शक्यताही तेवढीच असावी, असे मनाला वाटते. हिशेब केला तर ती ४९.१ टक्के भरते. अंदाज आणि गणित यांच्यातला हा अडीच टक्क्यांचा फरक खिसा रिकामा करायला पुरेसा आहे.

आपल्याकडेही या विद्येची आठवण जुनी आहे. महाभारतातल्या नलाख्यानात अयोध्येचा राजा ऋतुपर्ण विदर्भाकडे निघालेला असताना वाटेत एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे किती ते सांगतो. सारथी झालेला नल रथ थांबवून मोजतो, तर संख्या बरोबर. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म शिकवतो. मोजण्याची विद्या आणि फाशांची विद्या एकाच माणसाकडे असावी, हे त्या कथाकाराला सुचले होते. बेहड्याची फळेच त्या काळी फासे म्हणून वापरत. आणि ऋग्वेदातले अक्षसूक्त तर सर्वस्व हरलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे, हेही विसरता येत नाही.

आपल्या तीन पत्तीचे काय?

आईने विचारले, "मग आमच्या तीन पत्तीत गणित नाही का?" आहे तर! ५२ पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यातली वाटणी अशी:

ट्रेल (तीन सारखी पाने): ५२ प्रकार, ०.२४ टक्के
एकाच रंगाची सिक्वेन्स: ४८ प्रकार, ०.२२ टक्के
साधी सिक्वेन्स: ७२० प्रकार, ३.२६ टक्के
कलर: १,०९६ प्रकार, ४.९६ टक्के
जोडी: ३,७४४ प्रकार, १६.९४ टक्के
यातले काहीही नाही: १६,४४० प्रकार, ७४.३९ टक्के

म्हणजे चारपैकी तीन वेळा हातात जोडीसुद्धा नसते. म्हणूनच साधी एक्का-राजावाली पानेही पुष्कळदा डाव मारून नेतात. आणखी एक गंमत पाहा. एकाच रंगाची सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मिळ आहे, तरी आपण ट्रेललाच वरचा मान देतो. परंपरेपुढे गणिताचे चालले नाही! पाच पानांच्या पोकरमध्ये कलर सिक्वेन्सपेक्षा वरचा असतो, तीन पत्तीत उलट. कारण तीन पानांत सिक्वेन्स कमी वेळा जमते, पाच पानांत कलर.

मग हरतात कसे?

इथवर सगळे मजेत चालले होते. शेवटचे पान उघडले, ते निघाले चौकट नव्वी. माझे वीस चिंचोके गेले.

"हरलास की!" मामी माझ्याकडे बघून म्हणाली.

"हरला, पण निर्णय बरोबर होता," भाचा म्हणाला. हे वाक्य मला पटायला वेळ लागला. पावसाची शक्यता दिसली म्हणून छत्री नेली आणि पाऊस आला नाही, तर छत्री नेणे चूक ठरत नाही. निर्णयाची परीक्षा एका निकालावरून करू नये, हे पोकरचे सगळ्यात मोठे शिकवणे.

पण मग मी त्याला सरळ विचारले, "तू किती जिंकलास?"

तो गप्प झाला. मामी आणि आई आवराआवरीला उठल्या, तेव्हा त्याने मोबाइलमधले एक टिपण दाखवले. दोन वर्षांचा हिशेब होता. एकूण तोटा १,१८,००० रुपये. पुढच्या शिक्षणासाठी ताईने त्याच्या खात्यात टाकलेले पैसे होते ते. मुदत ठेवीत ठेवले आहेत, असे त्याने आईला सांगितले होते.

गणित येणारा मुलगा हरला कसा? त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून त्याची कारणे शोधली. ती प्रत्येक घराला उपयोगी पडतील.

पहिले कारण खेळ चालवणाऱ्याचा वाटा. खेळ ठेवणारा प्रत्येक डावातून आपला कट काढतो. समजा, तो शंभरात पाच आहे. मघाच्या उदाहरणात मधे एकशेवीस पडले की सहा त्याचे. जिंकल्यावर मला शंभराऐवजी चौऱ्याण्णव मिळणार. नऊ वेळचे ८४६, त्यातून ७४० गेले, उरले १०६. नफ्याचा तिसरा हिस्सा एका फटक्यात गेला, आणि हा तर चांगला डाव होता. मामीने वीसऐवजी चोवीस टाकले असते, तर कट नसताना थोडा फायदा आणि कट धरून थोडा तोटा, असे उत्तर येते. सहा मित्र पाचशे-पाचशे घेऊन बसले आणि प्रत्येक डावातून सरासरी तीन गेले, तर दोनशे डावांनंतर तीन हजारांतले सहाशे टेबलावरून नाहीसे होतात. सहाही जण सारखेच हुशार असले तरी.

दुसरे कारण समोरचा माणूस. टक्के मोजणे ही या खेळातली बाराखडी आहे. मुरलेल्या खेळाडूला ती पाठच असते. मामीकडे राजाची जोडी आहे, हे आपण धरून चाललो. प्रत्यक्षात समोर काय आहे, हे कोणी सांगत नाही. तो अंदाज चुकला की पुढचे सगळे टक्के चुकतात.

तिसरे कारण लांबचा पल्ला. ४६ वेळा खेळलो तर १६० चा फायदा, हे सरासरीचे बोलणे झाले. बदाम न येण्याची शक्यता दर वेळी ८० टक्के. ओळीने चार वेळा न येण्याची ४२ टक्के, आणि ओळीने दहा वेळा न येण्याची सुमारे ११ टक्के. नऊ-दहा जणांत एकाला हा अनुभव येणारच. त्या वेळी खिशात अकरावी बोली द्यायला पैसे नसतील तर बरोबर गणितही वाचवत नाही.

चौथे कारण मन, आणि भाच्याच्या मते तेच मुख्य. "पहिला अर्धा तास मी टक्के मोजायचो, मामा. पाच-सहा डाव गेले की वाटायचं, आता लागेलच. मग रात्रीचे दोन वाजायचे."

'आता लागेलच' या वाक्याला मोठा इतिहास आहे. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या जुगारघरात रूलेटचा चेंडू ओळीने २६ वेळा काळ्या घरात पडला. दर खेपेला लोकांना वाटत होते, आता तांबडे येणारच, आणि ते जास्त-जास्त पैसे तांबड्यावर लावत गेले. पुष्कळ जण धुऊन निघाले. चेंडूला मागचे आठवत नसते, पानांनाही नसते. आठवण फक्त हरणाऱ्याला असते.

कायदा काय म्हणतो?

नशीब की कौशल्य, हा वाद आपल्या न्यायालयांतही रंगला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले. पोकरबाबत मात्र मते एकसारखी पडली नाहीत. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवले. गोव्यात कायद्याने परवानगी घेतलेले कॅसिनो मांडवी नदीतल्या जहाजांवर चालतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी नवा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, त्याने मनाई केली. त्यांच्या जाहिरातींना आणि पैशांच्या देवघेवीलाही. भाच्याचा खेळ त्यानंतर थांबला, पण गेलेले पैसे परत आले नाहीत. आणि सांगायचे राहून गेलेले सत्यही तसेच राहिले.

घरातल्या मुलांना पत्त्यांपासून दूर ठेवावे, असे मी म्हणणार नाही. उलट, चिंचोके घेऊन एकदा हे गणित मुलांबरोबर जरूर मांडा. दहावीच्या पुस्तकातले संभाव्यतेचे प्रकरण इतक्या चटकन दुसरीकडे कुठे कळणार नाही. जाहिरातीतल्या 'जिंका लाखो'चा अर्थही त्यांना आपोआप समजेल. पण खेळ पैशांचा झाला की पुढचे चार प्रश्न घरात मोकळेपणी विचारावेत:

१. हे पैसे सगळे गेले तर घरातल्या कुठल्या खर्चाला हात लागेल?
२. प्रत्येक डावातून कोणी कट काढतो का? किती?
३. आजवरच्या जिंकण्या-हरण्याची बेरीज लिहून ठेवली आहे का? माणसाला जिंकलेले दिवस आठवतात, हरलेले नाहीत.
४. हे घरातल्या कोणापासून लपवले आहे का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर टक्के मोजायची वेळ निघून गेलेली असते. अशा वेळी रागावण्यापेक्षा जवळ बसणे बरे. सुटत नसेल तर सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे नाव न सांगताही बोलता येते.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ताई नाशिकहून सकाळच्या गाडीने आली. मी भाच्याला रात्री एवढेच विचारले होते, "सांगितलंस तर आई रागावण्याची शक्यता किती?"

"शंभर टक्के."

"आणि नाही सांगितलंस तर?"

त्याने उत्तर दिले नव्हते. ओवाळणी झाली, जेवणे झाली आणि तो ताईला घेऊन गच्चीवर गेला. तासाभराने दोघे खाली आले. ताईचे डोळे लाल होते. माझ्याशी ती काही बोलली नाही. पानाचा डबा पुढे ओढला आणि भाच्याला म्हणाली, "दर महिन्याच्या पाच तारखेला पाच हजार. वहीत मी लिहीन."

१,१८,००० ला पाच हजारांनी भागले तर चोवीस हप्ते होतात, शेवटचा तीन हजारांचा. आजवर एकही चुकलेला नाही.